जळगावकडे नवा स्लॅब दोन पावसाळ्यांतच का गळतो? बांधतानाच काय काय बघून घ्यावं?

आधी कठड्याचं बूड बघा, गळती बहुतेकदा तिथूनच सुरू होते. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. स्लॅब दिवसा फुगतो, रात्री आकसतो. विटांचा कठडा तेवढा हलत नाही. सांध्यात केसाएवढी भेग पडते आणि जूनमध्ये पाणी आत शिरतं. म्हणून त्या कोपऱ्यात काटकोन ठेवू नका. ३ इंचांची गोलाई भरा आणि वॉटरप्रूफिंगचा थर कठड्यावर १ फूट चढवा.

स्लॅब ओतण्याआधी सळईखाली २० मिमीचे कव्हर ब्लॉक (सळई फळ्यांपासून उचलून धरणारे ठोकळे) आहेत का, हे स्वतः वाकून बघा. खडीचे तुकडे सरकवले असतील तर काढायला लावा. कव्हर, म्हणजे सळईखालचा काँक्रीटचा थर, कमी पडला की सळई गंजते, गंज फुगतो आणि खालून पोपडे पडतात. छज्जाची मुख्य सळई मात्र वरच्या बाजूला हवी. काँक्रीट टाकताना माणसं तिच्यावर उभी राहतात, ती खाली दबते आणि छज्जा मुळाशी तडकतो. ही चूक फार महागात पडते.

उन्हाळ्यात ओतलात तर वाफे करून निदान १० दिवस पाणी साठवून ठेवा.

स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे उतार देणारा थर. उतार १० फुटांना सव्वा इंच, पन्हळीकडे, म्हणजे पाणी बाहेर काढणाऱ्या पाइपाकडे; जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरालाही तो असतोच. कोब्याआधी ४८ तास पाणी भरून खालून ओल तपासा. पाइपाच्या तोंडाभोवती जास्त वेळ बघा.