जिथे झडती, तिथेच कागद

चि. पोरी,

तुझा मेसेज वाचला आणि राग आला. तुझा नाही. अमली पदार्थ विरोधी कक्षात किती हौसेने गेलीस, आणि तिथे तुझं काम काय, तर बाई आरोपी असली की झडतीला बाईच लागते म्हणून गाडीत बसायचं. झडती झाली की तू बाजूला. पंचनामा ऑफिसात येऊन जुन्या फाइलवरून टाइप होणार, आणि सही मात्र तुझी हवी. वर तू मलाच विचारतेस, "सर, माल तर खराच होता, मग बिघडलं काय?"

माल खरा होता म्हणून तर कागद खरा हवा! जिथे झडती, तिथेच कागद.

अमली पदार्थ कायद्याचं (एनडीपीएस) कलम 50 तुला पाठ आहे. पण राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती हा तिचा हक्क आहे, हे त्या बाईला तिला कळेल अशा भाषेत कोणी सांगितलं? सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठांनी 1999 मध्ये आणि पुन्हा 2010 मध्ये हे ठासून सांगितलंय. जुन्या फाइलीत फक्त नाव बदलतात. कधी तेही बदलायचं राहतं.

वजनाचंही तसंच. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, 50 ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक मात्रा, किमान 10 वर्षं, शिवाय कलम 37 मुळे जामीन अवघड. मग काट्यावर 53 ग्रॅम दिसलं, तर ते पिशवीसकट की पिशवीशिवाय? शिवडीच्या एका केसमध्ये वकिलांनी माझ्या पंचाला नेमकं इथेच धरलं. पंच इस्त्रीवाला. तो म्हणाला, काटा समोरच्या सोनाराकडून आणला, आधी रिकामी पिशवी ठेवून आकडा शून्य केला, मग माल ओतला. वारा होता म्हणून काटा गाडीत मागच्या सीटवर ठेवला, काचा वर केल्या. मेणबत्ती विझायची, सील करायची लाख वितळेना. वकील खाली बसले. हे त्याला कोणी पढवलं नव्हतं. त्याने पाहिलं होतं, आणि पंचनाम्यात तसंच लिहिलेलं होतं.

तिथेच लिहीत बसलं तर गल्ली अंगावर येते, दगड पडतात, मला काय ठाऊक नाही? तेव्हा हलायचं. पण जमाव जमला म्हणून हललो, किती वाजता हललो, पंच सोबत होते, हे लिहायचं. आता तर 1 जुलै 2024 पासून झडतीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. मोबाइल एक वेळ सांगणार आणि तुमचा कागद दुसरी. उलटतपासणीत उभी तू राहणार, टाइप करणारा नाही.

खात्यात मला 'कारकून' म्हणायचे. रेडवर जाऊन मांडी घालून लिहीत बसतो म्हणून. पेपरात फोटो दुसऱ्यांचे यायचे. हेवा वाटायचा, वाटणारच. बढतीही उशिरा आली. पण कारकून म्हणणाऱ्यांच्या किती केस कोर्टात टिकल्या, ते त्यांनाच विचार. खंत एवढीच की ही सवय मी मागे कोणाला लावू शकलो नाही. मी निवृत्त झालो आणि त्या टेबलावर पुन्हा जुन्या फाइली आल्या.

मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, शिकवा म्हणतेस. शिकवीन. त्याला गेल्या 10 वर्षांतली एकाहून अधिक दोषारोपपत्रं लागतात, कोर्टाने दखल घेतलेली. म्हणजे टोळीपर्यंत जायचा रस्ताही अशाच कागदांवरून जातो. आधी हे कर.

सही करू नकोस. उद्या साहेबांना भेट आणि आवाज न चढवता सांग, माझ्यासमोर घडलं तेवढंच माझं. झडतीचा तुझा भाग जसा घडला तसा, आजची तारीख घालून, अहवालात लिहून दे आणि पोच घे. बदलीचं बोलतील. बोलू दे. आणि पुढच्या रेडला जाताना लाख, मेणबत्ती, काडेपेटी आणि दोन पेनं स्वतःच्या बॅगेत टाक. खात्याचं पेन ऐनवेळी चालत नाही.