कँगकडे टाइम मशीन असूनही तो दरवेळी का हरतो? अ‍ॅव्हेंजर्सना पाळण्यातच का संपवत नाही?

हाच प्रश्न माझ्या आतेभावाने 1988 च्या मे महिन्यात, दादरला आत्याच्या घरी, आंब्यांची अढी घातलेल्या माळ्यावर बसून विचारला होता. शब्दही जवळपास हेच. तेव्हापासून आम्ही दोघं त्यावर भांडतोय, त्यामुळे उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या. (नवख्यांसाठी: कँग हा मार्व्हल कॉमिक्समधला, काळात मागेपुढे फिरणारा खलनायक, आणि अ‍ॅव्हेंजर्स हे त्याच्याशी लढणारं सुपरहीरोंचं पथक.)

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'शेवटी मुंग्यांनी हरवला, हा कसला व्हिलन'. म्हणजे तुम्ही 2023 चा अँट-मॅनचा सिनेमा बघून आलायत. तो बाजूला ठेवा. त्या सिनेमातल्या कँगबद्दल मला जे म्हणायचंय ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर माळा. मी बारा वर्षांची, दादा, म्हणजे तोच आतेभाऊ, नुकताच दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. फाउंटनच्या फूटपाथवर तेव्हा जुनी अमेरिकन कॉमिक्स मिळायची. वाचून परत नेलं की विक्रेता अर्धे पैसे हातावर टेकवायचा. दादा परत न्यायचा नाही, पत्र्याच्या ट्रंकेत साठवायचा. माझी शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. मराठी इंद्रजालमधला वेताळ मला पाठ होता, पण हे फुगे वाचता यायचे नाहीत. म्हणून दादा मोठ्याने वाचून अर्थ सांगायचा आणि कंटाळा आला की मनाचं घुसडायचा. कँगच्या तोंडी त्याने एकदा 'आता तुमची धडगत नाही, आत्याबाई' असं वाक्य घातलं होतं. मला ते बरेच दिवस खरं वाटलं.

त्या दिवशी हाती लागलेला अंक कव्हर नसलेला होता. जुन्या गोष्टी पुन्हा छापत, त्यातला. मूळ गोष्ट अ‍ॅव्हेंजर्सच्या 23 आणि 24 क्रमांकांच्या अंकांतली, डिसेंबर 1965 आणि जानेवारी 1966 ची, स्टॅन ली आणि डॉन हेक यांची. कँगने भविष्यातलं सगळं जिंकलंय, एक चिमुकलं राज्य तेवढं उरलंय, आणि तिथल्या राजकन्येवर, रव्होनावर, याचा जीव जडलाय. ती याला हिंग लावून विचारत नाही. तिच्यावर छाप पाडायची म्हणून हा कॅप्टन अमेरिका आणि मंडळींना विसाव्या शतकातून उचलून आणतो. पुढे राज्य जिंकतो, पण हरलेल्या राजघराण्याला मारायचं हा स्वतःचाच नियम तिच्यासाठी मोडतो. त्यावरून त्याचे सरदार बंड करतात आणि कँगला चक्क अ‍ॅव्हेंजर्सच्या खांद्याला खांदा लावून आपल्याच फौजेशी लढावं लागतं. शेवटी बंडखोर बॅल्टॅग कँगवर नेम धरतो आणि रव्होना मध्ये येते.

आमच्या अंकाचं शेवटचं पान अर्धवट फाटलेलं. ती मध्ये येते इथवर दिसायचं, जगली की मेली ते नाही.

दादा म्हणाला, "गाढव आहे हा. मशीनमध्ये बसायचं, पाच मिनिटं मागे जायचं, त्या बॅल्टॅगला आधीच उडवायचं. संपलं."

मी म्हटलं, "तो तसं करणार नाही."

"का?"

का ते मला सांगता येईना. दादाकडे इंग्रजी होतं, माझ्याकडे नुसती चित्रं. पण चित्रांत मला जे दिसत होतं ते त्याला दिसत नव्हतं. या माणसाला जग नकोच आहे, त्याला जिंकताना कोणीतरी बघायला हवंय. नाहीतर बायकोच करायची होती तर अ‍ॅव्हेंजर्सना कशाला बोलावून आणलं? मी एवढंच म्हणाले, "मग त्यात त्याला काय मजा?" दादा इतका हसला की खालून आत्या ओरडली. पैज लागली, उसाच्या रसाचे दहा ग्लास. अंकाच्या मागच्या पानावर मी बॉलपेनने पैज लिहिली, खाली दोघांच्या सह्या.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

पहिलं कारण सोपं आहे आणि सगळे तेच सांगतात. मार्व्हलच्या जगात भूतकाळात जाऊन काही बदललं तर तुमचा स्वतःचा काळ बदलत नाही, तिथून वेगळी फांदी फुटते. हे बघायचं तर कँगचा नाही, बेन ग्रिमचा अंक वाचा. मार्व्हल टू-इन-वनचा 50 वा, 1979 चा, जॉन बर्नचा. दगडासारखा झालेला बेन औषध घेऊन भूतकाळात जातो, तरुणपणच्या स्वतःला ते पाजतो आणि परत येतो. परत आल्यावर बघतो तर स्वतः दगडाचा तो दगडाचाच. बरा झाला तो दुसराच बेन, दुसऱ्याच जगातला. कँगने अ‍ॅव्हेंजर्सना पाळण्यात मारलं तरी हेच होणार. ज्यांनी याचं नाक कापलं ते इकडे धडधाकट, आणि तिकडे एका फांदीवर उगाच पाच-सात बाळं मेलेली.

दुसरं कारण मला जास्त पटतं, आणि ते 1964 च्या सप्टेंबरपासून, अ‍ॅव्हेंजर्सच्या 8 व्या अंकापासून, लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. कँग ज्या भविष्यातून येतो तिथे शांतता आहे. युद्ध नाही, कशाची ददात नाही, त्याला जांभया येतात. म्हणून तो बाहेर पडतो. आधी इजिप्तमध्ये फॅरो होऊन बसतो (फॅन्टास्टिक फोर 19, 1963, तिथे त्याचं नाव रामा-टुट, आणि स्फिंक्स म्हणजे त्याचं यान), तिथून हाकलला गेल्यावर कँग होतो. घरी लोळायचा कंटाळा आला म्हणून जो लढाईला निघालाय, त्याला तुम्ही सांगताय की समोरच्याला झोपेत मार! आमच्या दादाला हे कधीच कळलं नाही. तो बुद्धिबळातही समोरचा पाणी प्यायला उठला की प्यादं सरकवायचा.

असो. दिवाळीच्या सुट्टीत मला फूटपाथवर 1986 च्या गोष्टीचे अंक सापडले. रॉजर स्टर्न आणि जॉन ब्युसेमा यांची गोष्ट, अ‍ॅव्हेंजर्सचे अंक 267 ते 269. तीनातले दोनच मिळाले, पण तेवढे पुरेसे होते. डिक्शनरी घेऊन रात्री जागले. त्या गोष्टीत कळतं की कँगने रव्होनाला खरंच मरायच्या क्षणाआधी उचलून वाचवलं होतं. दादाने सांगितलं होतं अगदी तेच! आणि त्यातून काय निघालं? एक फांदी, जिच्यात ती मेली नाही, मेला तो स्वतः. मग त्याला कळलं की इतकी वर्षं मागेपुढे उड्या मारून त्याने फांद्यांचं जंगल करून ठेवलंय आणि प्रत्येक फांदीवर एक कँग बसलाय. काही कँग मिळून एक मंडळ चालवतात, नालायक कँग शोधून त्यांना संपवतात, आणि त्या मंडळातही प्रत्येकाच्या मनात बाकीच्यांचा काटा काढायचाच बेत. शेवटी उरलेला एकटा कँग सगळ्या मेलेल्या कँगांच्या आठवणी डोक्यात घेतो आणि वेडा होऊन पळत सुटतो.

दोन्ही अंक घेऊन मी लोकलने दादरला गेले. दादा शांतपणे वाचून म्हणाला, "म्हणजे मी सांगितलं तेच केलं त्याने. दहा ग्लास."

मी म्हटलं, "अरे, पण त्याचं झालं काय ते बघ ना!"

"पैज तो करेल की नाही यावर होती. काय होईल यावर नव्हती." आणि ट्रंकेतून पैजेचं पान काढून दाखवलं. माझंच अक्षर. 'दादा म्हणतो तो मागे जाईल, मी म्हणते जाणार नाही.'

दहा ग्लास मी दिले नाहीत. माझं म्हणणं 'का' यावर होतं आणि आजही आहे. पुढे आत्याने डोंबिवलीला जागा घेतली तेव्हा ट्रंक किलोवर रद्दीत गेली. माझे दिवाळीचे दोन अंकही त्यातच गेले. मला कोणी विचारलं नाही. दादा म्हणतो आत्याने दिली, आत्या म्हणायची त्याला विचारून दिली. भावंडांत कॉमिक्स सामाईक घेऊ नयेत, ज्याची त्याची वेगळी पिशवी असावी, एवढं मी तुम्हाला अनुभवाने सांगते.

नोकरी लागल्यावर मी कँग पद्धतशीर वाचला, आणि माझी बाजू बळकट करणारं खरं प्रकरण सापडलं ते 1969 चं, अंक 69 ते 71, रॉय थॉमसचं. रव्होना मृत्यूच्या दारात आहे. ग्रँडमास्टर नावाचा एक विश्वजुगारी कँगशी खेळ मांडतो. कँगचे मोहरे म्हणजे अ‍ॅव्हेंजर्स. खेळ असा संपतो की कँगला अर्धंच बक्षीस मिळतं: जीवन देण्याची शक्ती किंवा मृत्यू देण्याची, दोनातली एक. जिच्यासाठी खेळायला बसला ती समोर पडलीय. आणि हा पठ्ठ्या मागतो मृत्यू, का तर अ‍ॅव्हेंजर्स हाताशी आलेत. त्यातही हरतो, कारण ब्लॅक नाइट नावाचा वीर तेव्हा अ‍ॅव्हेंजर नसतो, त्यामुळे ती शक्ती त्याच्यावर चालत नाही. हे मी दादाला न्यू जर्सीला फोन करून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बघ, गाढवच ना." मी म्हटलं, गाढव नाही रे, असे मला चार जण माहीत आहेत, त्यातला एक तुझ्याच बिल्डिंगमध्ये राहायचा. फोन लांबला, मुद्दा तिथेच राहिला.

हो, 'दरवेळी हरतो' हेही बरोबर नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. 2001-02 मधल्या कर्ट ब्युसिएकच्या लांबलचक गोष्टीत कँग वॉशिंग्टन शहर नष्ट करतो आणि पृथ्वी शरण येते. म्हणजे जिंकतो. जिंकल्यावर राज्य चालवताना चेहरा असा की वाढदिवसाला बळेच आणून बसवलंय. मग हरतो, आणि वर स्वतःच्या पोराला, मार्कसला, हाताने मारतो. त्याच ब्युसिएकच्या आधीच्या बारा अंकांत (1998 ते 2000, चित्रं कार्लोस पाचेकोची) त्याचा खरा वैरी नीट दिसतो: इमॉर्टस, म्हणजे म्हातारपणीचा तो स्वतःच, काळाच्या रखवालदारांची चाकरी करणारा. तसलं व्हायचं नाही म्हणून कँग तिथे जी काही ताकद लावतो तेवढी त्याने कॅप्टन अमेरिकेवर कधी लावली नाही. उलट टोकाचं पाहिजे तर 2005 चे यंग अ‍ॅव्हेंजर्स वाचा. त्यात सोळा वर्षांचा कँग आपण पुढे काय होणार ते बघून भूतकाळात पळून येतो, आणि शेवटी परत जावंच लागतं.

फांद्यांचा नियम सगळ्या लेखकांनी सारखा पाळलेला नाही, हेही खरं. कोणी वाकवतो, कोणी विसरतो. तुमचा भाऊबिऊ त्यावर बोट ठेवेल तर त्याचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे. तेवढ्यापुरतंच.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात दादा आला होता. जेवण झाल्यावर बॅगेतून प्लास्टिकमध्ये घातलेला एक अंक काढून त्याने टेबलावर ठेवला. कव्हर नाही, शेवटचं पान अर्धवट, मागे बॉलपेनने माझं सातवीतलं अक्षर आणि दोन सह्या. ट्रंक जाण्याआधी त्याने तो एवढा काढून ठेवला होता आणि तीस वर्षं मला बोलला नव्हता.

"घे, तुझा," म्हणाला. "फक्त एकदा म्हण, कँग गाढव आहे."

मी चहा टाकायला उठले. वहिनी म्हणाली, अहो द्या ना तो तिला, काय लहान मुलांसारखं. माझा नवरा म्हणाला, अगं म्हणून टाक. मी चहात आलं किसलं, बिस्किटं काढली, त्याच्या पोरांच्या कॉलेजची चौकशी केली. साडेदहाला ते निघाले.

अंक न्यू जर्सीत आहे.