‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’मधील ‘पॅशन’

विचारणा अशी आहे : मेल गिब्सन दिग्दर्शित ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ (२००४) या वादग्रस्त चित्रपटाविषयीच्या एका मराठी लेखात शीर्षकाचा अर्थ ‘ख्रिस्ताचा ध्यास’ असा दिला आहे. तो बरोबर आहे का, आणि नसल्यास योग्य शब्द कोणता?

तो अर्थ बरोबर नाही. ‘फोटोग्राफी हे माझे पॅशन आहे’ असे आपण सर्रास म्हणतो, आणि त्या वाक्यात ‘ध्यास’ चपखल बसतो. पण शीर्षकातील ‘पॅशन’ हा त्याहून कितीतरी जुना, धर्मविषयक पारिभाषिक शब्द आहे. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘सोसणे’ या अर्थाच्या क्रियापदात असून त्याच क्रियापदापासून आपल्या रोजच्या वापरातला ‘पेशंट’ आला, म्हणजे सोसणारा, आणि ‘पेशन्स’ही आला. यरुशलेमजवळच्या गेथशेमाने बागेत येशूने केलेल्या प्रार्थनेपासून अटक, चौकशी, फटके, क्रूस वाहून नेणे, मृत्यू आणि दफन इथपर्यंतच्या घटनाक्रमाला ख्रिस्ती परंपरेत ‘पॅशन’ म्हणतात. जर्मन संगीतकार बाखने १७२७ मध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानावर (बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकावर) रचलेले संगीतही याच नावाने ओळखले जाते.

सोसण्याचा शब्द ध्यासापर्यंत कसा पोहोचला, हे मराठी माणसाला समजायला अवघड जाऊ नये. जे मन स्वतः करत नाही, तर जे मनावर येऊन आदळते आणि मनाला सोसावे लागते, ते ‘पॅशन’. त्यातून तीव्र भावना, मग प्रेमावेग आणि अगदी अलीकडे छंद. आपल्या ‘विकार’ या शब्दाची जातकुळी अशीच आहे : काम-क्रोधादी षड्विकारही विकारच आणि हृदयविकारही विकारच.

आता मराठी प्रतिशब्द. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजात ‘दुःखसहन’ हा शब्द रूढ आहे. ‘दुःखसहन सप्ताह’ हा प्रयोगही त्यांच्या नेहमीच्या बोलण्यातला आहे. बाहेरच्या वाचकाला तो काहीसा पुस्तकी वाटेल, आणि आज ‘दुःख’ म्हटले की शरीरापेक्षा मनाचेच आठवते, ही त्याची उणीव मान्य करावी लागते. पडद्यावर तर चामडी सोलून काढणारे फटके दिसतात. तरीही पर्याय तपासले की हाच शब्द सरस ठरतो. ‘छळ’ म्हटले की सारे लक्ष छळणाऱ्याकडे जाते. ‘यातना’ला नरकयातनांचा, म्हणजे पापाच्या शिक्षेचा वास आहे. ‘भोग’ तर मुळीच चालणार नाही, कारण मराठीत भोग हे स्वतःच्या कर्माचे असतात, आणि निष्पाप असलेल्याने इतरांच्या पापांसाठी सोसले हा तर या कथेचा गाभा आहे. ‘सहन’मध्ये स्वीकार आहे, गेथशेमानेत ‘माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असे म्हणणाऱ्याला तोच शब्द शोभतो.

याच शब्दाने नाव मिळालेली एक गोष्ट आपल्या परसातही आहे. ‘पॅशन फ्लॉवर’ म्हणजे आपले कृष्णकमळ. दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिश धर्मप्रसारकांना त्याच्या तंतूंच्या वलयात काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसरांत पाच जखमा आणि वरच्या तीन टोकांत तीन खिळे दिसले. आपल्याकडे तेच तंतू शंभर कौरव, तेच पुंकेसर पाच पांडव आणि तीच तीन टोके ब्रह्मा-विष्णू-महेश झाली. तेव्हा ‘पॅशन फ्रूट’ला कोणी प्रेमफळ म्हणत असेल, तर तेही चुकीचेच.

अर्थ नेमका कळला की या चित्रपटावरच्या आक्षेपांचीही प्रतवारी करता येते. ख्रिस्ताची शिकवण फारशी नाही, केवळ शेवटचे बारा तासच का, हा आक्षेप मला लंगडा वाटतो. शीर्षकाने दुःखसहनाचेच आश्वासन दिले होते. रक्तपात किती दाखवावा हा मात्र अभिरुचीचा खरा प्रश्न आहे, आणि २००५ मध्ये खुद्द गिब्सन यांनीच काही मिनिटांची हिंसक दृश्ये कापून सौम्य आवृत्ती काढली. सर्वांत गंभीर आक्षेप ज्यूद्वेषाचा होता, आणि त्याला या शब्दाचा इतिहासच बळ देतो. युरोपात दुःखसहनाची नाटके शतकानुशतके होत आली (जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील ओबरआमरगाऊ गावचे नाटक १६३४ पासून चालू आहे) आणि ‘ख्रिस्ताला ज्यूंनी मारले’ हा समज पसरवण्यात अशा नाटकांचा मोठा हात होता. १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तो दोष सरसकट ज्यूंवर ठेवणे अधिकृतपणे नाकारले. चित्रपटातले संवाद ॲरेमाइक, हिब्रू व लॅटिन भाषांत आहेत. ‘त्याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो’ हे मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायातले जमावाचे वाक्य वादानंतर उपशीर्षकांतून (सबटायटल्समधून) काढले गेले, पण ध्वनिपट्टीवर ते ॲरेमाइकमध्ये तसेच राहिले. म्हणजे भाषा जाणणाऱ्याला ते ऐकू येते आणि वाचणाऱ्याला दिसत नाही. ही तडजोड मला पटलेली नाही.

शीर्षकातील ‘द क्राइस्ट’ही डोळ्याआड होऊ देऊ नये. ‘ख्रिस्त’ हे आडनाव नसून ‘अभिषिक्त’ या अर्थाची ग्रीक पदवी आहे, हिब्रू ‘मशीहा’चे भाषांतर, इंग्रजीतील ‘द’ तेच सुचवतो. मराठीत त्यासाठी वेगळी सोय नाही आणि करण्याची गरजही नाही.

तात्पर्य व्यवहारापुरते : लेखात चित्रपटाचे मूळ नाव देवनागरीत ठेवावे आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘ख्रिस्ताचे दुःखसहन’ असा खुलासा करावा. याच्या पुढच्या चित्रपटाचे नाव ‘द रेझरेक्शन ऑफ द क्राइस्ट’ असे जाहीर झाले आहे. तिथे ही अडचण येणार नाही, कारण ‘पुनरुत्थान’ हा शब्द मराठीत केव्हाच रुळलेला आहे.