रुमाल सोडण्याआधी

प्रिय संशोधक मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

पेशवेकालीन कागदांवर पीएचडी करावी का, असं तू विचारलंस. तुझ्या आवडीबद्दल मला शंका नाही. पण पीएचडीत माणसं अभ्यासापेक्षा वाट पाहून जास्त थकतात. कधी मार्गदर्शकांच्या शेऱ्याची, कधी समितीच्या बैठकीची, कधी फेलोशिपची, शेवटी परीक्षकांच्या अहवालाची. हे टळणारं नाही. त्या काळात काम चालू राहील अशी तजवीज मात्र करता येते.

आधी वर्षांचा हिशेब मांड. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी केल्यास आणखी २, आणि स्त्रियांना त्यावर अजून २ वर्षांची सवलत. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी मिळणारी सरकारी फेलोशिप, मात्र सगळी मिळून ५ वर्षंच असते. २०२३पासून तिचा दर पहिली २ वर्षं दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. म्हणजे सहाव्या वर्षाला पैसा नाही. म्हणून साडेचार वर्षांत प्रबंध विद्यापीठात पोचेल असं वेळापत्रक आख. फेलोशिप दर महिन्याला वेळेवर येईल असं धरून खोली भाड्यानं घेऊ नकोस. चार महिन्यांचा खर्च बँकेत असू दे.

विषय ठरवण्याआधी पुणे पुरालेखागारात निदान दहा दिवस बस. हे मी सर्वांत आग्रहानं सांगते. ‘पेशवेकालीन स्त्रियांचे जीवन’ हे शीर्षक समितीला आवडेल, पण त्याला टोक नाही. एक परगणा, वीसेक वर्षं आणि एकाच प्रकारचे कागद, एवढा आवाका पुरे. तेवढे कागद खरोखर आहेत का, वाचता येण्याजोगे आहेत का, हे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, सोडून बघितल्याशिवाय कळत नाही. नोंदणीनंतर शीर्षक बदलायचं तर पुन्हा समिती, पुन्हा बैठक, आणि त्यात महिने जातात. हे कागद मोडी लिपीत असतात, आणि मोडीचे वर्ग संपल्याचं प्रमाणपत्र मिळालं म्हणजे मोडी येते असं नाही. मुळाक्षरं महिन्याभरात येतात. अडतं ते घाईघाईच्या लपेटीपाशी, फारसी शब्दांपाशी आणि संक्षेपांपाशी. रोज दोन तास मूळ कागद वाचशील तर पहिल्या वर्षाअखेर हात बसेल.

टिपणं काढताना प्रत्येक कागदाला दप्तर, रुमाल आणि कागदाचा क्रमांक लाव. तारीख कागदावर आहे तशीच उतरव, इसवी सनातली तारीख शेजारी वेगळी लिही. ‘रुमालाचा नंबर नंतर टाकू’ म्हटलं की चौथ्या वर्षी एका तळटीपेसाठी पुन्हा पुण्याला जावं लागतं, आणि तो कागद सापडेलच असं नाही. पुरालेखागारात बसशील त्याच सुमारास शोधगंगा, म्हणजे भारतातल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, धुंडाळ. तुझ्या विषयाचा प्रबंध आधीच झालेला असेल तर ते आज कळलेलं बरं.

मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा हाताखालची माणसं मोज. प्राध्यापकांना एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकांना ६ आणि सहायक प्राध्यापकांना ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यांच्या आधीच्या दोन विद्यार्थ्यांना भेटून विचार की प्रकरण दिल्यावर परत यायला किती दिवस लागले. साठ पानांचा गठ्ठा टेबलावरच पडून राहतो. बारा-पंधरा पानं छापून दे, सोबत तीन नेमके प्रश्न. भेट झाली की त्याच संध्याकाळी ‘आज असं ठरलं’ अशी चार ओळींची ईमेल पाठव. पुढे मतभेद झाले तर तोच आधार असतो, कारण सल्लागार समितीपुढे दर सत्राला प्रगती मांडावी लागते आणि तोंडी बोलणं तिथं कुणाला आठवत नाही. मार्गदर्शकांकडे दिलेली पानं परत येईपर्यंत पुढच्या प्रकरणाचे कागद वाच.

शोधनिबंध छापण्याची सक्ती २०२२च्या नियमांत नाही, पण तुझ्या विद्यापीठाचा नियम वेगळा पाहून घे. फी भरली की तीन दिवसांत छापून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नकोस. मान्य नियतकालिकांची यूजीसीची केअर यादी २०२५मध्ये बंद झाली, त्यामुळे पारख तुलाच करायची आहे. संपादक दुरुस्त्या मागतो का, ही पहिली खूण.

आता मोबदल्याचं. सहायक प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पुरेशी आहे. जुलै २०२३पासून पीएचडी त्यासाठी सक्तीची राहिलेली नाही. सहयोगी प्राध्यापकपदाला ती लागते. आणि कायम नोकरी मिळालीच, तर पीएचडीमुळे पहिली पदोन्नती ६ऐवजी ४ वर्षांत मिळते. अवघड आहे ती नोकरीच. पदवी हातात असूनही तासिका तत्त्वावर शिकवत राहिलेले कितीतरी जण आहेत, आणि त्यांच्यात कमी काही नाही. म्हणून नेट-सेट आधी पदरात पाड. मोडी वाचणारे हात थोडे आहेत, लिप्यंतर आणि संपादनाचं काम त्यातून मिळू शकतं. रोजगार म्हणून मला त्याचा भरवसा पदवीपेक्षा जास्त वाटतो.

दुसरं वर्ष संपताना स्वतःची तपासणी कर. साधनांची पूर्ण यादी आणि तीस पानांचं एक लिहिलेलं प्रकरण हाताशी नसेल, तर सोडण्याचा विचार मोकळ्या मनानं कर. एमफिल ही पीएचडीआधीची छोटी संशोधन पदवी बंद झाल्यामुळे मधेच बाहेर पडणाऱ्याला आता कोणतीही पदवी मिळत नाही, म्हणून हा निर्णय पाचव्या वर्षावर ढकलू नये. त्यात नामुष्कीचं काही नाही.

दिवाळीपर्यंत आराखडा पाठवू नकोस. दहा दिवसांत कोणत्या रुमालात काय सापडलं, तेवढी यादी पाठव.

तुझी शुभचिंतक