बायोटेकची पदवी: प्रश्न वाचकांचे

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आहे, गणित सोडलं. नीटचा भरवसा वाटत नाही. बायोटेकमध्ये बीएस्सी करू की बीटेक? दोन्हीकडे शिकवतात तेच ना?
— बारावीची विद्यार्थिनी, सातारा

नाव तेच, अभ्यास वेगळा. बीटेक हे इंजिनिअरिंग आहे. दहा हजार लिटरच्या फर्मेंटरमध्ये (सूक्ष्मजीव वाढवायच्या टाकीत) तळाच्या पेशींपर्यंत ऑक्सिजन कसा पोचवायचा, वाढत्या कल्चरची उष्णता बाहेर कशी काढायची, असे प्रश्न तिथे असतात आणि ते थर्मोडायनॅमिक्स आणि डिफरन्शियल इक्वेशन्सशिवाय सुटत नाहीत. प्रवेशाला एमएचटी-सीईटीचा पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गट धरतात, त्यात 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे. गणित सोडलेल्यांना ही वाट बहुतेक बंदच. बीएस्सीत पेशी, जनुकं, प्रथिनं, सूक्ष्मजीव यांचा अभ्यास असतो आणि पीसीबी (गणिताऐवजी बायोलॉजी) चालतं.

मुलांना सहसा माहीत नसलेली तिसरी वाट कृषी विद्यापीठांची. त्यांचा चार वर्षांचा बीटेक बायोटेक्नॉलॉजी पीसीबीवर करता येतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं लातूरला कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालयच आहे.

नीट हुकली तर बायोटेक, हा हिशेब मात्र एकदा तपासा. रुग्ण तपासायचे असतील तर ही पदवी तिथे नेत नाही, पुढे एमबीबीएसला आडवाटेने प्रवेशही मिळत नाही. फिजिओथेरपी, नर्सिंग यांचे फॉर्म आधी भरा.

दोन कॉलेजांत प्रवेश मिळतो आहे. एकाची फी दुप्पट. ठरवायचं कसं?
— पालक, नाशिक

बायोटेकचे बहुतेक वर्ग विनाअनुदानित असतात, त्यामुळे साध्या बीएस्सीपेक्षा फी जास्त असणारच. ती कुठे जाते ते प्रयोगशाळेत दिसतं. प्रॅक्टिकल चालू असताना जा. वीस मुलांच्या बॅचला मायक्रोपिपेट (अगदी थोडं द्रव मोजून उचलायचं साधन) किती आहेत ते मोजा. चार-पाच मुलांत एक असेल तर ठीक, बॅचला एकच असेल तर बाकीची मुलं नुसती बघत उभी राहतात. डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन कपाटात झाकलेलं असेल तर त्यासाठी एन्झाइम शेवटचं कधी मागवलं ते विचारा. मशीन एकदाच घ्यावं लागतं, एन्झाइम, प्रायमर आणि टिप्स मात्र दरवर्षी. खर्चाची कात्री तिथेच लागते.

मग एस.वाय.च्या दोन-तीन मुलांना बाजूला घेऊन विचारा: गेल्या सत्रात डीएनए वेगळा करायच्या जेलमध्ये सँपल स्वतःच्या हाताने किती वेळा लोड केलं? 'सरांनी डेमो दिला' हे उत्तर सगळ्यांकडून आलं तर स्वस्त कॉलेज घ्या. डेमोसाठी दुप्पट फी देण्यात अर्थ नाही.

1.5 मिली कल्चरमधून आल्कलाइन लायसिसने (पेशी अल्कलीने फोडून) प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूतलं डीएनएचं छोटं वर्तुळ, काढून 50 मायक्रोलीटर टीई बफरमध्ये विरघळवलं. 100 पट डायल्यूट करून 260 नॅनोमीटरला रीडिंग 0.12 आलं, 260/280 रेशो 2.05. म्हणजे शुद्ध ना? पण जेलवर बँड पुसट, खाली चमकदार ढग आणि वर लांबट पट्टा. इकोआरवन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने कटही होत नाही.
— एस.वाय. बीएस्सी, कोल्हापूर

आधी गुणाकार करा. 260 ला 1.0 रीडिंग म्हणजे दुपदरी डीएनए 50 मायक्रोग्रॅम प्रति मिली. 0.12 × 50 × 100 = 600 मायक्रोग्रॅम प्रति मिली, म्हणजे तुमच्या 50 मायक्रोलीटरमध्ये 30 मायक्रोग्रॅम. पीयूसीसारख्या, एका पेशीत भरपूर कॉपी असलेल्या प्लाझ्मिडचंही 1.5 मिलीतून पाच, फार तर दहा मायक्रोग्रॅम मिळतं. मग उरलेलं काय? जेलच्या तळाशी दिसणारा ढग. तो आरएनए आहे, आणि आरएनएसुद्धा 260 लाच प्रकाश शोषतो. शुद्ध डीएनएचा रेशो 1.8 च्या आसपास असतो, आरएनएचा 2.0 च्या. म्हणजे 2.05 हे आरएनएचंच लक्षण. टीईत 20 मायक्रोग्रॅम प्रति मिली आरनेझ (आरएनए तोडणारं एन्झाइम) घालून 37 अंशांवर अर्धा तास ठेवा. आरनेझचा स्टॉक आधी 100 अंशांवर 15 मिनिटं तापवलेला हवा: त्यात मिसळलेलं डीएनए तोडणारं डीनेझ मरतं, आरनेझ टिकून राहतं.

वरचा पट्टा क्रोमोसोमचा. पेशी फोडणाऱ्या सोल्युशन दोनमधला सोडियम हायड्रॉक्साइड क्रोमोसोम आणि प्लाझ्मिड दोघांचेही पदर सोडवतो. पण प्लाझ्मिड बंद वर्तुळ असल्यामुळे त्याचे दोन पदर एकमेकांत अडकलेलेच राहतात आणि अल्कली शमवणारं सोल्युशन तीन घालताच पुन्हा जुळतात. लांबलचक क्रोमोसोमला ते जमत नाही, तो प्रथिनं आणि एसडीएस या डिटर्जंटसोबत गोळा होऊन खाली बसतो. ट्यूब व्हॉर्टेक्सवर धरली की क्रोमोसोमचे तुकडे होतात आणि ते वरच्या पाण्यात राहून प्लाझ्मिडसोबत येतात. म्हणून सोल्युशन दोन घातल्यावर ट्यूब फक्त पाच-सहा वेळा हलकेच उलटीपालटी करायची आणि पाच मिनिटांच्या आत तीन घालायचं. जास्त वेळ अल्कलीत राहिलं तर प्लाझ्मिड स्वतःच कायमचं बिघडतं, आणि तसं प्लाझ्मिड एन्झाइम कापत नाही. सोल्युशन दोन त्याच दिवशी बनवलेलं हवं: 0.2 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, 1 टक्का एसडीएस. बाटलीत पडून राहिलं की ते हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि त्याचा जोर कमी होतो.

इकोआरवनच्या बाबतीत पहिला संशय उरलेल्या अल्कोहोलवर. लोड करताना सँपल विहिरीत न बसता वर तरंगून गेलं होतं का? तरंगलं असेल तर अल्कोहोल आत आहे. 70 टक्के अल्कोहोलने धुतल्यावर शेवटचा थेंबही पिपेटने काढा, ट्यूब दहा मिनिटं उघडी ठेवा. आणि कट होत नाही म्हणून एन्झाइम वाढवत बसू नका. ते 50 टक्के ग्लिसरॉलमध्ये असतं. 20 मायक्रोलीटरच्या रिअॅक्शनमध्ये 2 च्या वर घातलं की ग्लिसरॉल 5 टक्क्यांपुढे जातं आणि इकोआरवन भलत्याच जागी कापायला लागतं.

मुलगी टी.वाय.ला आहे. एमएस्सी न करता नोकरी मिळेल? सरकारी?
— पालक, जळगाव

मिळते, पण ती संशोधनाची नसते. तुमच्याच जिल्ह्यात केळीची टिश्यू कल्चर रोपं तयार होतात. तिथे निर्जंतुक हवेच्या लॅमिनारसमोर बसून दिवसभर कोंब कापून बाटल्यांत लावण्याचं काम असतं, आणि एका बाटलीतली बुरशी वेळेत न दिसली तर पूर्ण लॉट जातो. लस आणि औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलमध्ये बीएस्सीवाले घेतात: हवेतले जंतू मोजायला प्लेट उघड्या ठेवणं, पाण्याची एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) तपासणी, शिफ्ट ड्यूटी. मुलाखतीत तिथल्या नोंदींबद्दल विचारतात. चूक झाली तर व्हाइटनर नाही, गिरगटणं नाही. एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. ही सवय जर्नल लिहितानाच लावून घ्यावी.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये जायचं असेल तर वेगळा डीएमएलटी (मेडिकल लॅबचा डिप्लोमा) करावा लागेल. सरकारीत अन्न सुरक्षा अधिकारी हे पद पाहा. त्याच्या पात्रतेत बायोटेक्नॉलॉजीची पदवी नावानिशी आहे.

एमएस्सीला जॅम द्यावी की गॅट-बी? गणित अकरावीलाच सुटलं.
— टी.वाय. बीएस्सी, पुणे

एमएस्सीच्या या दोन्ही प्रवेश परीक्षा द्या, बराच अभ्यास सामाईक आहे. गॅट-बीचा पहिला भाग 60 प्रश्नांचा, बारावीच्या पातळीचा, त्यात गणितही येतं. दुसऱ्या भागातल्या 100 पैकी 60 सोडवायचे असतात. जॅममध्ये तीन तासांत 60 प्रश्न आणि 100 गुण, त्यातले 20 प्रश्न संख्या टाइप करायचे. त्यांना पर्याय नसतात, पण चुकलं तरी गुण कापले जात नाहीत. म्हणून ते कोरे सोडू नका.

अकरावी-बारावीचं सगळं गणित उपसू नका. लॉगॅरिदम, प्रोबॅबिलिटी, मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह आणि साधी इंटिग्रल्स एवढं रोज तासभर केलं तरी तीन महिन्यांत आटोक्यात येतं. लॉग पहिल्यांदा घ्या, कारण पीएच, जंतूंची वाढ आणि पीसीआरची सायकल्स ही तिन्ही गणितं त्यावरच उभी आहेत.

कॉलेजात चौथ्या वर्षाचा ऑनर्स असेल तर तोही विचारात घ्या, त्यानंतरची एमएस्सी एका वर्षाची होऊ शकते. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. आता पाचवं सत्र चालू असेल तर आधीच्या चार मार्कशीट काढून सरासरी आजच करा.