कानाच्या मशीनचं सेटिंग : फोनवरून की क्लिनिकमध्ये जाऊन?

प्रश्न : आईला दोन्ही कानांना नवीन मशीन घेतलंय. क्लिनिकवाले म्हणतात, दरवेळी यायला नको, ॲपवरून व्हिडिओ कॉल करा, आम्ही इकडून सेटिंग बदलून देतो. आईच्या तक्रारी तीन आहेत. भांड्यांचा आवाज टोचतो, स्वतःचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो, आणि हल्ली उजव्या मशीनमधून कमी ऐकू येतं. भाऊ म्हणतो, फोनवरून म्हणजे नुसती बोळवण. खरंच होतं का हे सगळं घरून?

उत्तर : बोळवण नाही हो. फोन ब्लूटूथने मशीनला जोडलेला असतो आणि ऑडिओलॉजिस्ट (मशीन बसवणारा श्रवणतज्ज्ञ) तिकडून बारीक आवाज (म्हणजे टिपेचे) आणि जाड आवाज (म्हणजे खर्जातले) वेगवेगळे कमीजास्त करू शकतो, गोंगाट दाबायचं सेटिंग बदलू शकतो, वेगळा प्रोग्राम टाकू शकतो. फक्त मशीनला ती सोय हवी. (रिसाउंड कंपनीच्या लिंक्स थ्रीडी या मशीनमध्ये ती २०१७ साली आली, त्यामुळे फार जुनं मशीन असेल तर आधी विचारून घ्या.) पण तुमच्या आईच्या तीन तक्रारींची कारणं तीन ठिकाणी असू शकतात आणि सॉफ्टवेअरने त्यातली एकच नक्की सुटेल.

ती म्हणजे भांड्यांची. हे काम खरं तर घरूनच जास्त चांगलं होतं, कारण क्लिनिकच्या शांत खोलीत आईच्या स्वयंपाकघरातला खणखणाट कुठून आणणार? कॉल चालू असताना ताटं आपटून दाखवा बिनधास्त. फक्त बारीक आवाज एकदम खूप कमी करून घेऊ नका, स, श, फ ही अक्षरं तिथेच ऐकू येतात, ती गेली की मग आई म्हणणार आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. नवीन माणसाला सवय व्हायलाही काही आठवडे लागतात, म्हणून थोडं थोडंच कमी करायचं.

घुमण्याचं मात्र आधी तपासा. मशीन कानात तसंच ठेवून बंद करा आणि आईला लांबलचक 'ई' म्हणायला सांगा. बंद असूनही घुमत असेल तर दोष सेटिंगचा नाही, कान डोमने (मशीनच्या टोकाची मऊ रबरी टोपी) किंवा मोल्डने (कानाच्या मापाचा साचा) बंद झालाय आणि बोलताना हाडातून येणारा जाड आवाज आतच अडकतोय. मग कितीही कॉल करा, फार फरक पडणार नाही, क्लिनिकमध्ये जाऊन मोकळा डोम लावून घ्यायचा किंवा मोल्डचं भोक मोठं करून घ्यायचं (ते किती मोठं करता येईल हे जाड आवाज मुळात किती ऐकू येतात त्यावर ठरतं, कारण त्याच भोकातून मशीनचा आवाजही बाहेर गळतो). मशीन बंद केल्यावर घुमणं थांबलं तर जाड आवाज जास्त झालेत, ते फोनवरून होईल.

आता उजवा कान, आणि इथे मी भावाच्या बाजूने. कृपा करून कॉलवर 'उजवीकडचा आवाज वाढवा' असं सांगू नका! बहुतेक वेळा वॅक्स गार्डमध्ये, म्हणजे मशीनच्या टोकाला मळ अडवणाऱ्या बारीक जाळीत, मळ अडकलेला असतो, त्यावर आवाज वाढवला तर गार्ड बदलल्यावर मशीन कानात ओरडायला लागेल. आधी गार्ड बदला. तरी तसंच असेल तर कानात बघावं लागेल, मळ साठलाय की रिसीव्हर (मशीनचा छोटा स्पीकर) गेलाय, आणि कॅमेऱ्यातून कानाच्या आतलं काही दिसत नाही. मशीन काढूनही उजव्या कानाला अचानक कमी ऐकू येतंय असं वाटलं, किंवा चक्कर, दुखणं, कानातून पाणी असं काही असेल तर मशीनवाल्याकडे नाही, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरकडे जा. अचानक गेलेल्या ऐकण्यावर उपचार जितके लवकर तितके बरे.

प्रश्न : मग पहिलं फिटिंगच ऑनलाइन करून घेतलं तर? मला क्लिनिकला जाणं फार अवघड आहे.

उत्तर : माझं मत विचाराल तर पहिली फेरी कशीही करून क्लिनिकमध्येच करा, नंतरच्या बऱ्याचशा कॉलवर भागतील. कारण एकच, रिअल इअर मेजरमेंट. कानात पडद्याजवळ एक बारीक नळी सरकवतात आणि मशीनचा आवाज तिथे प्रत्यक्षात किती पोचतोय ते मोजतात. प्रत्येकाच्या कानाची पोकळी वेगळी असते, त्यामुळे कंपनीचं तयार सेटिंग पुष्कळदा कमी पडतं, खास करून बारीक आवाजांना, आणि घालणाऱ्याला ते कळतही नाही. काही क्लिनिक हे मोजतच नाहीत, तेव्हा मशीन घ्यायच्या आधी सरळ विचारा. लहान मुलांचं तर कॉलवर अजिबात ढकलू नका, कान वाढतो तसा मोल्ड बदलावा लागतो.

प्रश्न : कॉलवर सेटिंग केलं तेव्हा छान वाटलं, कॉल संपल्यावर घरातल्यांचा आवाज परत विचित्र. असं का?

उत्तर : कारण बऱ्याच मशीनमध्ये कॉलवरचा आवाज ब्लूटूथने थेट कानात येतो, मशीनच्या माइकमधून नाही. ऑडिओलॉजिस्ट 'आता कसं वाटतंय' विचारतो तेव्हा तुम्ही त्या थेट येणाऱ्या आवाजाला, म्हणजे स्ट्रीमिंगला, मार्क देत असता. घरातल्या कुणाला तरी समोर बसवा, थोडं लांबून, पाठमोरं बोलायला लावा आणि त्यावरून सांगा. मशीन आणि फोन दोन्ही पूर्ण चार्ज करून बसा, नवीन सेटिंग सेव्ह होताना मशीन थोडा वेळ गप्प होऊ शकतं, घाबरून काढू नका. आणि जुनं सेटिंग जपून ठेवायला सांगा, नवीन नाही जमलं तर परत तिथेच येता येतं.