डोंगरावरील यात्रेच्या नियोजनासाठी क्यूजीआयएसमधील नव्या सुविधा कितपत उपयोगी आहेत?

डोंगरावरील देवस्थानाच्या यात्रेचा आराखडा आजवर कागदावर काढला जात असे; तो यंदा संगणकावर करावयाचा झाल्यास क्यूजीआयएस हे नकाशे तयार करण्याचे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेल का आणि त्यातील कोणत्या नव्या सुविधा खरोखर कामाच्या आहेत, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते पुरते.

सर्वांत मोलाची सुविधा वेळेची आहे. २०२० मध्ये आलेल्या ३.१४ या आवृत्तीत (तिचे नावही गणितातील π वरून ‘पाय’ असेच ठेवले होते) ‘टेम्पोरल कंट्रोलर’, म्हणजे वेळेनुसार बदलता नकाशा दाखवणारे साधन, मूळ सॉफ्टवेअरचाच भाग झाला. त्यापूर्वी त्यासाठी वेगळे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) बसवावे लागे. प्रत्येक बंद रस्ता, पार्किंगचे मैदान, टँकरची फेरी आणि पालखीचा टप्पा यांच्या नोंदीत आरंभ व समाप्तीची वेळ भरली की पट्टी सरकवताना त्या त्या क्षणाचा नकाशा समोर येतो. पालखी आणि टँकर सकाळी सहा वाजता एकाच अरुंद रस्त्यावर येत आहेत, हे वेगवेगळ्या तक्त्यांत सहसा लक्षात येत नाही. सॉफ्टवेअर ही चूक स्वतःहून सांगत नाही. पाहणाऱ्यालाच ती हेरावी लागते.

दुसरी सुविधा उंचीच्या छेदाची. २०२२ च्या ३.२६ आवृत्तीपासून वाटेवर रेघ ओढली की तिचा चढउतार आलेखात दिसतो. मांढरदेव येथे २५ जानेवारी २००५ रोजी यात्रेतील चेंगराचेंगरीत सुमारे ३०० भाविकांचे प्राण गेले, तेथे उतार आणि नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या हे महत्त्वाचे कारण होते, हे लक्षात घेतले तर या आलेखाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. मात्र उपग्रहावरून मिळणारी मोफत उंचीची माहिती साधारणतः ३० मीटरच्या चौकटींची असते. तिच्यात पायऱ्या दिसत नाहीत. त्यासाठी ड्रोनने किंवा मोजणी यंत्राने सर्वेक्षण करून घ्यावे लागेल. त्रिमितीय दृश्य बैठकीत छाप पाडते, पण नियोजनात त्याचा उपयोग मला फारसा दिसलेला नाही.

गर्दीचा हिशेब मात्र आपल्यालाच मांडावा लागतो. ब्रिटनमधील क्रीडांगण-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेनुसार एक मीटर रुंदीतून सपाट जागी मिनिटाला जास्तीत जास्त ८२ आणि पायऱ्यांवरून ६६ माणसे बाहेर पडतात असे धरतात. म्हणजे तीन मीटरच्या पायरीवाटेने मिनिटाला १९८. पूजेचे साहित्य हाती घेतलेल्या, मुलाबाळांसह चालणाऱ्या भाविकांसाठी हा आकडा आणखी कमी धरावा. रुंदी मोजावयाची ती सर्वांत अरुंद ठिकाणची, दुकानांचे पुढे आलेले ओटे आणि बॅरिकेड वजा करून. नकाशाची प्रणाली (ठिकाणांचे स्थान आकड्यांत मांडण्याची पद्धत) यूटीएम ४३ उत्तर (पश्चिम महाराष्ट्रासाठी) ठेवल्यास अंतरे थेट मीटरमध्ये हाताळता येतात. अक्षांश-रेखांशाच्या प्रणालीत बफर (एखाद्या जागेभोवतीचा ठरावीक अंतराचा पट्टा) काढल्यास तो अंशांत निघून फसवतो.

या मोजमापांसाठी फोनवरील क्यूफील्ड ॲप घ्यावे. नकाशा आधीच फोनमध्ये भरून ठेवला की ते नेटवर्कशिवाय चालते आणि स्वयंसेवकांच्या नोंदी नंतर मुख्य नकाशात जमा करता येतात. यात्रेच्या दिवशी मात्र मोबाइल नेटवर्कवर विसंबू नये. त्या दिवसासाठी बिनतारी संच आणि चौकटींना क्रमांक दिलेला छापील नकाशा ठेवावा, आणि त्याच नकाशाची प्रत पोलीस, आरोग्य पथक व अग्निशमन दल यांच्याकडेही असावी.